ते झोपलंय

दुपारचं जेवण झालं की बाळंतिणीनं झोपायचं, असा या घरात नियम आहे आणि मी नियम पाळणारी बाई आहे. कानात कापूस, डोक्याला फडकं, पोटाला पट्टा असा सगळा जामानिमा करून मी कुशीवर पडले आहे. खोलीत ओव्याची धुरी अजून रेंगाळते आहे. शेजारी बाळ. ते झोपलंय की नाही हे मला नीट कळत नाही, कारण ते डोळे अर्धे उघडे ठेवून झोपतं. मी त्याच्या पोटाकडे बघते. वर-खाली होतंय. सगळं व्यवस्थित आहे.

मी घरबसल्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. लिंग, वचन, ऱ्हस्व, दीर्घ. त्यामुळे ही चूक पहिल्यांदा माझ्याच लक्षात आली. बाळ मुलगी आहे. सासूबाई तिला ‘माझी बाय’ म्हणतात, नवरा, म्हणजे धैर्यशील, ‘मॅडम’ म्हणतो. मी ‘ते’ म्हणते. ते रडतंय, ते भिजलंय, त्याला घ्या. मूल कुशीत आलं की पान्हा फुटतो आणि माया दाटून येते, असं सगळ्या बायका सांगत होत्या. पान्हा वेळेवर आला. मायेचा पत्ता नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माहेरी सांगितलं असतं कदाचित, पण आईचा खुबा मोडला आणि बाळंतपण नाशिकऐवजी इथं कोल्हापुरात, सासरी आलं.

बारसंही लांबलं आहे. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि आत्या, म्हणजे माझी नणंद माला, गेल्या वर्षी काविळीनं गेली. एसटीत कंडक्टर होती. चुलत आत्या आहेत, पण बारशाची तारीख काढायचं म्हटलं की सासूबाईंनाच कणकण येते. बाळाला नाव नाही. नाव नसलेल्याला ‘ते’ म्हटलं तर व्याकरणाची काही हरकत नसावी, अशी मी माझी समजूत घालते.

कापसातून पंख्याचा आवाज लांबून येतो. मग तो जाड होतो. मग तो पंख्याचा राहत नाही. गाडी चढाला लागली की कण्हते तसा येतो, आणि कुणीतरी दोनदा घंटी मारतं.

मी न्हाणीत पाटावर बसले आहे. पाय लांब केलेले, बाळ नडग्यांवर पालथं. समोर खाकी कपड्यांत माला बसली आहे आणि तांब्यानं पाणी घालते आहे. तिच्या बाह्या कोरड्या आहेत.

“पाय जवळ घे,” ती म्हणते. “मधनं खाली जाईल की.”

“वन्सं, तुम्ही?” हा जुना शब्द मी तिला चिडवायला वापरायची. ती चिडायची नाही.

“मी न्हाईतर कोण. बाळंतविडा द्यायचा राहिला हुता, म्हणून आलो.”

बायकांनी ‘आलो, गेलो’ म्हणायचं, हे कोल्हापूर. लग्नानंतर वर्षभर माझे हात तांबड्या पेनासाठी शिवशिवायचे. आता त्या ‘आलो’नं मला इतकं बरं वाटतं की मी पाय जवळ घ्यायला विसरते.

“कुठाय बाळंतविडा?”

“विसरलो.”

“तुम्ही गेलात ना पण?”

“व्हय.”

“मग ड्रेस कसला?”

“सवय,” माला म्हणते आणि तांब्या पालथा घालते.

न्हाणीच्या खिडकीतून ऊस मागे पळतो आहे. पाणी आता कुठे दिसत नाही. मी गाडीच्या मागच्या बाकावर पाय लांब करून बसले आहे आणि बाळ कोरडं, दुपट्यात गुंडाळलेलं, मांडीवर आहे. गाडीत दुसरं कुणी नाही. बाकांवर धुतलेले लंगोट वाळत घातले आहेत. माला दांडीला धरून झोकांड्या न खाता उभी आहे. गळ्यात चामड्याची पिशवी.

“कुठलं देऊ?”

“बाळाला तिकीट लागतं का?”

“त्याला कशाला लागंल? तुला इचारतोय. कुठं जायचंय?”

मी बाळाचं दुपटं सारखं करत राहते. ती थांबते. तिला घाई नाही, आणि गाडीलाही दिसत नाही. मग मी बोलून टाकते, कारण मेलेल्या माणसाकडून गोष्ट बाहेर जायची भीती नसते.

“मालाताई, मला काही वाटत नाही हो. याच्याकडे बघून. सगळं करते मी. पाजते, बदलते, ढेकर काढते. पण कुणीतरी सांभाळायला ठेवून गेलंय आणि संध्याकाळी येऊन घेऊन जाईल, असं वाटत राहतं. आणि नेलं तर मला हायसं वाटेल की काय, याची भीती वाटते.”

माला खिडकीबाहेर बघते.

“तोंडातून ‘ती’ येतच नाही,” मी म्हणते. “‘ते’च येतं. एखादी वस्तू असावी तसं.”

“मग मी काय वस्तू हुतो?”

“म्हणजे?”

“आमची आई मला काय म्हणायची?”

मला आठवतं. लग्न होऊन मी या घरात आले, त्या पहिल्या आठवड्यात सासूबाई सारख्या कुणाची तरी चौकशी करायच्या. ते जेवलं का. ते आलं न्हाई अजून. त्याला उसळ ठेवा वाटीत. घरात एक लहान मूल आहे आणि ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही, असं मी धरून चालले होते. मी त्याच्यासाठी पर्समध्ये चॉकलेटसुद्धा ठेवलं होतं. मग एका संध्याकाळी चाळिशीला टेकलेली माला खाकी साडीत घामाघूम होऊन दारात उभी राहिली, आणि सासूबाई म्हणाल्या, “आलं बाई एकदाचं.” ते चॉकलेट मी मालालाच दिलं. तिनं खाल्लं.

“लाडाचं माणूस ‘ते’ असतंय गं, केतके,” माला म्हणते. “‘ती’ म्हंजे शेजारची.”

“ते तुमचं. माझं तसं नाही. मला माझ्या आवाजातलं कळतं.”

“बरं. श्वास घेतंय का बघाय किती येळा उठतीस?”

“सारखी.”

“कशाला? दुसऱ्याचं हाय न्हवं?”

गाडी चढ संपवून उताराला लागते आणि वाळत घातलेले लंगोट एका बाजूला हलतात. मांडीवर बाळ जड झालं आहे, आहे त्यापेक्षा जड.

“नाव तेवढं कानात सांगा,” मी म्हणते. “त्याच्यासाठी सगळं अडलंय.”

“मी सांगून कसं चालंल? जित्या माणसांनी सांगायचं असतंय ते.” ती जरा रागावते. “आत्या न्हाई म्हणून पोराचं नाव अडवून धरत्यात व्हय? आईला म्हणावं, मी सांगिटलंय. तू कर कुर्र. न्हाईतर तिला करू दे.”

ती पिशवीच्या चिल्लरच्या कप्प्यात हात घालते आणि काजळाची डबी काढते. झाकण दातांनी उघडते. मी बाळाचं तोंड तिच्याकडे वळवते.

“त्याला न्हवं. तू हिकडं बघ.”

“मी काय बाळ आहे?”

“बाळंत हायस. समदी त्याला बघाय येत्यात. तुझ्याकडं कोण बघतंय?” ती माझ्या डोक्याचं फडकं सरकवते आणि कानामागं काजळाचा अंगठा टेकवते. अंगठा गार आहे, खरखरीत आहे, तिचाच आहे. “बस आता गप. मी उतरतो.”

स्टॉपवर नावाची पाटी नाही. माला उतरते, गाडीच्या पत्र्यावर हातानं दोन थापा मारते, आणि गाडी निघते. तुमची फार आठवण येते, असं मी मोठ्यानं म्हणते. तिच्या आजारात म्हणायचं राहिलं होतं. पण आता गाडी रिकामी आहे आणि पुढं ड्रायव्हरही नाही.

पंखा. छत. कापूस एका कानातून निघून उशीवर पडला आहे, म्हणून स्वयंपाकघरातलं स्वच्छ ऐकू येतं. सासूबाई फोनवर धैर्यशीलला सांगताहेत.

“आत्ता नको करू तिकडं फोन. ते झोपलंय. लई दमलंय रे. दोन घास खाल्लं न खाल्लं, तसंच आडवं झालंय. उठवू नकोस त्याला.”

मी बाळाकडे बघते. ते टक्क जागं आहे. पंख्याकडे बघत मुठी हलवतं आहे. आणि ते घास खात नाही. कितीतरी महिने खाणार नाही.

मी ते वाक्य पुन्हा मनात वाचते, कामाच्या सवयीनं. कर्ता कोण? खोलीत बाळाखेरीज एकच माणूस आहे. मी बाळाला जवळ ओढते, गरज नसताना, ते रडत नसताना. त्याच्या मानेला दुधाचा आंबूस वास आहे. संध्याकाळी कुणी न्यायला आलं तर मी दार उघडणार नाही. हे मला आत्ता, आडव्या-आडव्या, अगदी सरळ कळतं.

“उठलं व्हय गं ते?” सासूबाई आतून विचारतात.

कोण, असं मी विचारत नाही. “दोन्ही उठलीत,” मी म्हणते, आणि माझा आवाज फुटतो.

त्या दारात येतात. हाताला डिंकाच्या लाडवांचं तूप, कोपरापर्यंत. माझ्या तोंडाकडे बघतात. मग फडकं सरकलेल्या माझ्या कानाकडे.

“आई, तुम्ही लावलंत का?” मी विचारते.

“काय?”

मी कानामागं बोट फिरवते आणि त्यांच्यापुढं धरते. सासूबाई वाकून बघतात. स्वतःचे तुपाचे हात बघतात, मग पुन्हा माझं बोट. काजळ अजून ओलं आहे.