मासासना टीव्ही

"ऱ्हावू दे भाऊ, नवी शे." एवढं म्हणून आप्पा कुठल्याही वस्तूवरच्या प्लास्टिकवर हात ठेवायचे, आणि मग ते काढायची कोणाची टाप नव्हती. रिमोट पिशवीत, मोबाइल पिशवीत. मोटरसायकलच्या सीटवरच्या प्लास्टिकच्या उन्हाने चिंध्या झाल्या, तरी त्या सारख्या करून मगच बसायचे. तुमच्याही गावात असा एखादा असेल, पण त्याच्या नावेचं इंजिन तुम्हाला दुरुस्त करावं लागत नसेल. मला लागायचं. तळोद्यात माझं इंजिन आणि मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे.

बॅरेज बांधून नदीचं पाणी अडवलं तेव्हा आप्पांचं तापीकाठचं केळीचं रान बुडालं. मग त्याच पाण्यात ते मासे धरू लागले. खाली कुठे बांध, कुठे बाभळीचं खोड, सगळं तोंडपाठ. अलीकडे मात्र जाळी अडकून फाटायला लागली. सुरतेला असलेला त्यांचा मुलगा नाव विकायच्या मागे लागला, तेव्हा आप्पांनी हट्टाने पाण्याखालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारा फिश फाइंडर आणला. त्याला ते 'मासासना टीव्ही' म्हणत.

"मासा नही दिसना तरी चाली," मला हळूच म्हणाले. "तळ दिसू दे. डोकामा व्हता समदा, आते पुसाई ऱ्हायना."

मला वाईट वाटलं, पण फार वेळ वाटू देतील तर ते आप्पा कसले. सेन्सर नावेच्या मागच्या फळीला, बुडाच्या जरा खाली, इंजिनाच्या पंख्याच्या फेसापासून दूर बसवायचा असतो. मी ड्रिल काढलं तर आडवे आले. "नावले कोनी भोक पाडस का?" भोकात सिलिकॉन भरतात, पाणी येत नाही, हे सांगता सांगता माझा घसा बसला. शेवटी त्यांनी पाठ फिरवली तेव्हा भोकं पाडली.

नाव पाण्यात घेतली आणि पडदा कोरा. वायर तपासली, बॅटरी बदलली, विकणाऱ्याला फोनवर नाही नाही ते बोललो. मग मागे वाकून पाण्यात हात घातला. सेन्सरला आप्पांनी गुपचूप चढवलेली दुधाची पिशवी, वरून रबर. पिशवीत हवा, मग सेन्सरला दिसणार काय, कपाळ!

"पानी लागी जाई ना त्याले."

"आप्पा, त्याले पानीमाच ऱ्हावानं शे."

"तरी. नवी शे."

मी पिशवी फाडून काढली. पडद्यावर तळ उमटला. आप्पा लहान मुलासारखे खूश झाले, नाव हळूहळू पुढे घेऊ लागले. एका जागी तळाची रेघ एकदम खोल गेली आणि पुन्हा वर आली.

"आठे हीर कोनी खंदेल व्हती?" त्यांनी विचारलं.

ती त्यांचीच विहीर. तिच्यावर पहिली मोटार बसवायला ते मला घेऊन गेले होते.

"आप्पा, तुम्हीच खंदेल शे."

"मी?"

त्यांनी इंजिन बंद केलं. मग खिशातला मोबाइल माझ्या हातात दिला. "पोऱ्याले फोन लाव. नाव इकी टाक म्हन."

सकाळपासून मी आप्पांवर चिडलो होतो. आता रिंग वाजत होती आणि मला वाटत होतं, मुलाने फोन उचलू नये. त्याने लगेच उचलला.