सटवाजीचं बरं असणं

सटवाजीला कुणीही विचारलं, तो "बरं हाय" म्हणायचा. ऊसतोडीला असताना पायात कोयता घुसला, तेव्हा रक्तात बसूनही मुकादमाला त्यानं हेच सांगितलं होतं. समोरच्याला आल्या आल्या रड ऐकवायची नाही. आधी त्याच्या घरची खुशाली, चहापाणी, मग उठता उठता जमलंच तर आपलं दुखणं. सारं गाव असंच बोलायचं. सटवाजी जरा जास्तच.

छबूबाईचा सगळा संसार या दोन शब्दांमागचं ओळखण्यात गेला. बरं हाय म्हणून अर्धी भाकर ताटात ठेवली की ताप. बरं हाय म्हणून भिंतीला टेकला की कंबर.

पन्नाशीला त्याचं हृदय फुगल्याचं निघालं. औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरनं पहिल्या खेपेला फार विचारलंच नाही. सटवाजीच्या घोट्यावर अंगठा दाबला, पडलेला खळगा भरून येईना, त्याकडं तो बघत राहिला. छबूबाईला तो माणूस तिथंच आपला वाटला.

पण औरंगाबाद लांब. पालमहून एसटीनं परभणी, पुढं रेल्वे. त्यात ते वर्ष विद्यापीठाच्या नावावरून पेटलेलं. आज बंद, उद्या रास्ता रोको. डॉक्टरच म्हणाला, "दर महिन्याला येऊ नका, फोन करा. पाय सुजले, आडवं पडल्यावर दम लागला, तर तेवढं सांगा. मी लगेच बोलावून घेईन."

पालमच्या स्टँडसमोर बन्सीधरचं एसटीडीचं दुकान होतं. काचेच्या खोक्यात एकच माणूस मावायचा.

"मामा, हळू बोला," बन्सीधर म्हणायचा. "एवढं वरडायचं तर फोन कशाला? औरंगाबादला इथूनच ऐकू जाईल की!"

पोळा झाला त्या महिन्यात सटवाजीच्या पायात वहाण शिरेना. रात्री तो वाकळांच्या थप्पीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा.

"आज पायाचं सांगा," छबूबाई वाटेत म्हणाली. "रातीचं बी सांगा."

"सांगतो की."

खोक्याचं दार तिनं हातानं उघडं धरलं.

"रामराम साहेब... बरं हाय. तुमचं कसं? लेकरंबाळं?... हाव, गोळ्या घेतो. हाव. बरं." त्यानं फोन ठेवला.

"आन् पायाचं?"

"पेशंट बसलेत म्हणले. घाईतल्या माणसाला कसं सांगावं?"

"मंग कवा सांगावं?"

"समोर असते तर त्यांनीच बघितलं असतं. बैल काय बोलतो का? बघावं लागतं. तारेतून माझं काय दिसायलंय त्यांना?"

"मी बोलते."

"तू? मी जित्ता असताना?" तो हसला, आणि हसल्यानंच त्याला धाप लागली.

"परत लावू का, मामी?" बन्सीधरनं विचारलं. छबूबाईनं फोनकडं बघितलं, मग बाकड्यावर श्वास गोळा करत बसलेल्या नवऱ्याकडं. भर बाजारात त्याच्या देखत त्याचं दुखणं परक्या माणसाला सांगायचं तिच्या जिवावर आलं.

"ऱ्हाऊ द्या. पुढल्या टायमाला," ती म्हणाली.

पुढला टायम आला नाही. एका सकाळी दारावरून जाता जाता शेजारच्या मुंजाजीनं हाक मारली, "काय सटवाजी?"

"बरं हाय," आतून उत्तर आलं. छबूबाई चहा घेऊन गेली तेव्हा तो वाकळांना तसाच टेकलेला होता.

तेरावं उरकलं आणि ती एकटीच पालमला आली. पायाकडं बघणाऱ्या त्या एका माणसाला सांगायला हवं होतं. आणि एक विचारायचंही होतं: त्या दिवशी मी बोलले असते, तर? एसटीत बसून तिनं शब्द एकापुढं एक लावले होते.

बन्सीधरला कळलं होतं. त्यानं नंबर फिरवला. ती खोक्यात शिरली, दार आपोआप लागलं.

"पालमवरून बोलायले..."

"हां, सटवाजींच्या घरून ना?" आवाज ओळखीचा होता, मायेचा होता. "कसं आहे त्यांचं?"

लावलेले शब्द कुठं गेले, तिला कळलं नाही.

"बरं हाय, साहेब," छबूबाई म्हणाली.

"छान. मग त्याच गोळ्या चालू ठेवा."

"हाव."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तिनं मात्र तो कानाला तसाच धरून ठेवला. बाहेरून बन्सीधरनं काचेवर टकटक केली. सांगितलं का, असं त्याचे ओठ विचारत होते.

तिनं मानेनंच हो म्हटलं.