दोन वेळच्या जेवणाचे प्रायश्चित्त

मी दारू मोजून प्यायचो. खोकल्याच्या औषधाबरोबर प्लास्टिकचे एक माप मिळते, त्याने. निपाणीजवळच्या एका साखर कारखान्यात मी वजनकाट्यावर नोकरीला आहे. ट्रॅक्टर उसाने भरून येतो तेव्हा एक वजन, रिकामा परततो तेव्हा दुसरे. एकवीस वर्षांत आकड्यावरून माझी तक्रार कुणी केलेली नाही. त्यामुळे मापाने पिणारा माणूस दारुडा नसतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तीन मापांची सात मापे झाली तेव्हा ती सातही मी बिनचूक मोजत होतो. आम्ही जैन. चतुर्दशीला आमच्या घरात कांदासुद्धा चिरत नाहीत. त्यामुळे हे सगळे चोरून चालायचे. बस धरून सीमेपलीकडे कागलला जायचे, तिथे मला ओळखणारे कुणी नाही, आणि तोंडात वेलदोडा धरून परत यायचे. पत्नीला ते पहिल्या वर्षीच कळले होते, हे मला फार उशिरा समजले.

हात थरथरू लागले तेव्हा बेळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी औषध दिले आणि सोबतीला एक माणूस दिला. त्यांच्याकडे त्याला रिकव्हरी कोच म्हणतात. कोच म्हणजे कबड्डीचा, एवढेच मला माहीत. समोर आले ते बेळगावजवळच्या उचगावचे एक रताळी पिकवणारे आप्पा, गळ्यात तुळशीची माळ, पोट सुटलेले. स्वतःची दारू सोडून त्यांना नऊ वर्षे झाली होती. रोज सव्वापाच वाजता, माझी पाळी सुटली की, त्यांचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "जेवलास काय?" दारूचे नंतर. एकदा मी वैतागून म्हणालो, "आप्पा, मी दारूचा रोगी, जेवणाचा नव्हे." ते म्हणाले, "अण्णा, रिकामं पोट पैलं गुत्त्याचाच रस्ता धरतंय. मी चाललोय त्या रस्त्यानं, मला सांगू नको."

तेव्हापासून मी दारूला शिवलो नाही. पण त्या दिवसांत गोडाची अशी ओढ लागली की, कुंद्याचा डबा उघडला की संपवूनच हात धुवायचो. वजन तेरा किलो वाढले. एका लग्नात माझा मेव्हणा चारचौघांत म्हणाला, "दाजी, बाटली सुटली खरी, पर ती पोटातच ऱ्हायली वाटतं." सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन आरशासमोर शर्ट काढला आणि स्वतःची इतकी किळस आली की, तेवढी पिऊन गटारात पडलो असतो तरी आली नसती.

दुसऱ्या दिवशी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, जाऊन मी एकासनाचा नियम घेतला, म्हणजे दिवसातून एकदाच बसून जेवायचे. पुढे आठवड्यातून एक पूर्ण उपवास, मग दोन. लोक थांबून नमस्कार करू लागले. दारू सोडून हा माणूस केवढ्या मार्गाला लागला, असे म्हणू लागले. ते ऐकताना अंगातून एक ऊब जायची, आणि ती ऊब मला ओळखीची होती. कारखान्यात पोती मोजायचा एक काटा आहे. त्याच्यावर मी दिवसातून तीन-चारदा, कुणी नाही असे बघून, उभा राहू लागलो. आकडा उतरला की दिवस चांगला. आप्पांच्या "जेवलास काय?"ला मी रोज "व्हय" म्हणू लागलो.

मग एका उपवासाच्या दिवशी कामासाठी बेळगावला गेलो असताना अर्धा किलो कुंदा घेतला आणि स्टँडवरच्या शौचालयात कडी लावून, उभ्याने, संपवला. तोंड धुतले, वेलदोडा चघळला. घरी पत्नीने विचारले, "उपास झेपला का?" मी मान हलवली. हे पुढे दोनदा घडले.

त्याच सुमारास गावात महाराज आले. आमचे दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. कोणाच्या दारात थांबायचे याचा संकेत ते मनात धरून निघतात आणि तो कुणाला सांगत नाहीत. थांबले की घरातल्या प्रत्येक दात्याने आपले मन, वचन आणि काया शुद्ध आहे, आहार शुद्ध आहे, असे तोंडाने सांगायचे असते. ते सांगितल्याशिवाय महाराज उंबरा ओलांडत नाहीत.

पत्नी चार वाजता उठली होती. विहिरीचे पाणी गाळून तापवले, जात्यावर पीठ काढले. आम्ही दोघे धुतवस्त्रात, हातात कलश घेऊन दारात उभे राहिलो. एवढी घरे सोडून आपल्याकडे कोण येतो, असे मला वाटत होते. खरे सांगायचे तर तशी आशाच होती. महाराज आले आणि आमच्यासमोर थांबले. आम्ही प्रदक्षिणा घातल्या. पत्नीने म्हणायला सुरुवात केली. मला पहिला शब्दही उच्चारता आला नाही. एकवीस वर्षे खोटा आकडा न लिहिणारा माणूस मी, आणि मन, वचन, काया यांपैकी एकही माझ्यापाशी शुद्ध नव्हते. पत्नीने म्हणून संपवले आणि माझ्याकडे पाहिले. महाराजांनीही पाहिले, थोडे थांबले, आणि शांतपणे पुढच्या गल्लीत निघून गेले.

पत्नी रागावली असती तर बरे झाले असते. तिने कलश खाली ठेवला आणि म्हणाली, "आलेले महाराज गेले हो. एवढं काय जड होतं तुमास्नी?" मग आत जाऊन भांडी झाकू लागली.

मी कपडे बदलले आणि निपाणीच्या स्टँडवर आलो. कागलची गाडी कुठे लागते ते मला डोळे मिटून माहीत होते. पाय आपोआप तिकडे चालले. मनात राग नव्हता, दुःखही नव्हते, नुसता शीण होता. दारूशिवाय काढलेल्या एकशे बावन्न दिवसांचा आकडा आज पुसायचा, एवढेच डोक्यात होते, आणि त्यात एक प्रकारची सुटका वाटत होती.

गाडीच्या दारात पाय ठेवला तेवढ्यात मागून हाक आली, "अण्णा, कुठं निघालास रं?"

बाकड्यावर आप्पा बसले होते, मांडीवर भडंगाची पुडी. ऐंशी किलोमीटरवरचा माणूस. कोल्हापूरला नातीकडे निघाले होते आणि त्यांच्या बसचे चाक निपाणीत पंक्चर झाले होते. "तासभर झाला, ड्रायव्हर चाकाकडं बगतोय आनि चाक ड्रायव्हरकडं," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे पाहून पुडी मिटली. "जेवलास काय?"

मी "न्हाय" म्हणालो. कित्येक दिवसांत त्या प्रश्नाला दिलेले ते पहिले खरे उत्तर होते. त्याच्यामागून काटा, कुंदा, शौचालयाची कडी, सकाळचे दार, सगळे बाहेर आले. कागलची गाडी कधी गेली ते कळले नाही. आप्पांनी मधे एकदाही तोंड घातले नाही. शेवटी म्हणाले, "मला दारू सुटल्यावर भजी लागली, तुला उपास लागला. तुझं लई सोवळं, येवढाच फरक." मग म्हणाले, "पर म्हाराजांपुढं खोटं बोलला न्हाईस. तितनं धरूया. चल, त्यांच्याकडं जाऊया."

"आणि तुमची बस?"

"बसला माझी गरज न्हाय रं."

दुपारी बस्तीत महाराजांसमोर मी सगळे सांगितले. आप्पा जरा मागे, खांबाशी बसले होते. महाराजांनी एकच विचारले, "उपवास कुणासाठी केलात?" मी म्हणालो, "काट्यासाठी. आणि लोकांनी बघावं म्हणून." मला वाटले, आता एखादा कडक नियम मिळणार, आणि मनातून मला तोच हवा होता. महाराज म्हणाले, "सहा महिने उपवास करायचा नाही. रोज दोन वेळा, सूर्यास्ताच्या आत, घरच्यांबरोबर बसून जेवायचं. काट्यावर उभं राहायचं नाही. हेच प्रायश्चित्त."

मी रडलो. मागून आप्पा म्हणाले, "म्हाराज, मला कायतरी द्या की. भजी सुटत न्हाईत." महाराज हसले. "तुम्ही यांच्याबरोबर आलात, आज तेवढं पुरे."

संध्याकाळी पत्नीला सगळे सांगितले. ऐकून ती उठली. मग दोन ताटे घेतली. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनाही सांगितले. आधी का बोलला नाहीत, असे त्या रागावल्या, आणि जेवणाच्या वेळा कागदावर लिहून दिल्या.

महाराज गावात आणखी सात दिवस होते. पत्नी रोज दारात उभी राहिली, शेजारच्या वहिनींना घेऊन. मी कलश घेतला नाही. भिंतीशी, बाजूला उभा राहायचो. सहा दिवस महाराज पुढे गेले. सातव्या दिवशी, विहार करून जाण्याच्या आदल्या सकाळी, ते आमच्या दारात थांबले. त्यांचा संकेत काय होता ते कुणालाच माहीत नाही, आणि मी विचारणार नाही. त्या बसचे चाक निपाणीतच का बसले, हेही मी कुणाला विचारत नाही. मी हात जोडून, लांबून, पत्नीच्या हातून त्यांच्या ओंजळीत घास पडताना पाहत होतो. सवयीने मोजायला लागलो. अकरापर्यंत आठवते. पुढे मोजणे कधी थांबले ते समजले नाही.

सहा महिने होऊन गेले. सोपे गेले असे नाही. मधे एक आठवडा असा गेला की ताटाकडे बघवत नव्हते. पत्नी समोर बसून राहायची, भाकरीचा चतकोर पुढे सरकवत. पोत्यांच्या काट्याचे काम मी साहेबांना सांगून दुसऱ्याकडे दिले. आज माझे वजन किती, ते मला माहीत नाही. माझ्याविषयीचा एवढा मोठा आकडा माझ्या हातात नाही आणि तरी दिवस मावळतो, हे मला अजून नवे वाटते. इतकी वर्षे मी मापाने स्वतःला धरून ठेवू पाहत होतो. धरणारा दुसरा कुणी आहे, एवढेच मला शिकायचे होते, आणि ते मी जेवता जेवता शिकतो आहे.

मन, वचन, काया शुद्ध आहे असे म्हणण्याइतका मी अजून झालेलो नाही. पण सव्वापाचला फोन वाजतो, उचगावहून आप्पा विचारतात, "जेवलास काय?" मी "व्हय आप्पा" म्हणतो, आणि तेवढे खरे असते.