जलालचाचांचा हुद्दा

तायफच्या घाटात गाडी थांबवली की माकडं बॉनेटवर येऊन बसत. ही बबून जातीची माकडं, नर दांडगे आणि करड्या आयाळीचे. जलालचाचा काच खाली करून मराठीत दम देत, "उतर रे, तुझ्या कफीलाची गाडी आहे काय?" कफील म्हणजे इथे आम्हाला व्हिसा देणारा मालक. माकडं पांगली की त्यांची विष्ठा नळ्यांत भरून घेत. जिद्दाच्या आमच्या खाजगी प्रयोगशाळेला तिच्यातला डीएनए हवा असे.

जलाल मुकादम मूळचे दाभोळचे. प्राणिशास्त्राचे पदवीधर, पण व्हिसा मिळाला ड्रायव्हरचा, म्हणून इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, हुद्दा 'ड्रायव्हर'. इथे कित्येकांचं असंच असतं. इकामा एक सांगतो, हात दुसरंच करतात. मी नवीन लागलो तेव्हा प्रयोगांचं काम तेच करत होते. संगणकाचं माझ्याकडे आलं.

माणसाच्या डीएनएत एकच छोटा मजकूर लाखो ठिकाणी पुन्हा पुन्हा आलेला आहे. त्यातल्या पुष्कळ प्रती माणसात आणि बबूनमध्ये नेमक्या त्याच जागी सापडतात. म्हणजे दोघांचा पूर्वज एक होता तेव्हापासून, अडीच कोटी वर्षांहून जास्त काळ, त्या तिथेच बसून आहेत. एकदा शिरलेली प्रत सहसा बाहेर पडत नाही. पूर्वी सगळ्यांनाच कचरा म्हणत. पुढे कळलं की काहींना कालांतराने काम मिळालं, आणि त्या फारशा बदलल्या नाहीत.

मी हे उत्साहाने सांगितलं तेव्हा चाचा हसले. "आधी घुसायचं, काम मागनं मिळतं. आम्हा दाभोळकरांचीच गोष्ट की रे मोहनराव!"

तुलनेसाठी माणसाचा नमुना लागे. तो चाचांच्याच रक्तातला. डीएनएचे तुकडे पट्ट्यांसारखे दिसत त्या प्रत्येक फोटोत पहिली पट्टी चाचांची, शेजारी बबूनची, दोन्ही एका उंचीवर.

त्यांची मुलगी सानिया इथल्याच इंडियन शाळेत बारावीला होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. मैत्रिणींच्या घरी कुणी ड्रायव्हरची मुलगी म्हटलं की ती घरी येऊन भांडे. "अब्बा, यू आर नॉट अ ड्रायव्हर. मग लिहून का घेता?"

चाचांनी गावाहून पदवीचे कागद मागवले, शिक्के मारून घेतले आणि हुद्दा बदलला. लॅब टेक्निशियन. नूरुन्निसाचाचींनी त्या दिवशी सांदणं केली. चाचा इकामा सगळ्यांना दाखवत फिरले, सुपरमार्केटच्या पहारेकऱ्यालासुद्धा.

वर्षही झालं नाही आणि नवा नियम आला. टेक्निशियनच्या जागा सौदी तरुणांसाठी राखल्या गेल्या. परदेशी माणसाचा त्या हुद्द्यावरचा इकामा आता वाढणार नव्हता. ड्रायव्हरचा वाढत होता.

चाचांचा इकामा डिसेंबरात संपत होता आणि सानियाची परीक्षा मार्चमध्ये होती. बायको-मुलीचे इकामे चाचांच्याच इकाम्यावर. शाळा सुटली की परीक्षेचं केंद्र सुटलं, आणि ऐन डिसेंबरात दाभोळला तिला बारावीला कोण घेणार?

आम्ही मुदीरकडे, म्हणजे आमच्या मॅनेजरकडे गेलो. भला माणूस. त्याने चहा मागवला, आमच्यासमोर सरकारी संकेतस्थळावर हुद्दा परत 'ड्रायव्हर' करून पाहिला. संगणकाने नाकारलं. त्याने पुन्हा केलं, पुन्हा नाकारलं.

"खलास," तो म्हणाला, "माझ्या हातात असतं तर..."

चाचांच्या जागी नेमलेला सौदी तरुण मिशाल दोन वर्षं नोकरी शोधत होता. सानियाचं कळल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी मार्चनंतर येतो. त्यांना राहू दे." पण तो आला नाही म्हणून काही चाचांचा इकामा वाढणार नव्हता. मिशालची जागा तेवढी दुसऱ्याला गेली असती. हे त्याला सांगताना राग कुणावर काढावा तेच मला कळेना.

शेवटचा महिना चाचांनी मिशालला काम शिकवण्यात घालवला. एकदा मिशालने बाही वर करून विचारलं, "आता माणसाचा नमुना माझा घ्यायचा का?"

मी म्हणालो, "नको. नमुना बदलला तर जुन्या फोटोंशी ताळा जुळणार नाही. फ्रीजरमध्ये चाचांचा आहे, तोच राहील."

"वा रे कायदा!" चाचा म्हणाले. "माझं रक्त चालतं. मी चालत नाही."

मिशालने बाही खाली ओढली. चाचांनीच त्याच्या पाठीवर थाप मारली. "यल्ला, ट्रे धू आता."

निघायच्या दिवशी त्यांना विमानतळावर सोडायला मिशाल प्रयोगशाळेची जीप घेऊन त्यांच्या दारात आला. सामान चढवलं. चाचांनी त्याच्याकडे चावी मागितली.

"तुम्ही बसा चाचा, मी चालवतो," तो म्हणाला.

"बाजूला हो. ड्रायव्हर म्हणूनच आलो होतो मी."

मी मागे चाची आणि सानियाच्या शेजारी बसलो. सानियाने बायॉलॉजीचं पुस्तक मांडीवर उघडलं आणि ओळींखाली रेघा मारत वाचू लागली. गाडी हलली की रेघ वाकडी होई, ती खोडून पुन्हा मारी.

"मोहनभाई, हे इम्पॉर्टंट आहे ना? परीक्षेला येईल?"

आरशातून चाचा माझ्याकडे बघत होते.

"येईल," मी म्हणालो.