दाव्यासाठी धरणाला वळसा
दुकानात अंबाडीच्या दोरांचा नवा गठ्ठा सोडला की त्या उग्र वासासरशी मला धरणापलीकडच्या टेकडीवरचा बंजाऱ्यांचा तांडा आठवतो; तेव्हा दुकान नव्हतं, मी गावोगाव पायी फिरून जनावरं घेत असे, आणि तिथल्या एका म्हातारीचा गोऱ्हा तासभर घासाघीस करून मी माझ्याच भावात मिळवला होता. विकलेल्या जनावराचं दावं विकणाऱ्यानं ठेवायचं, घेणाऱ्यानं आपलं न्यायचं, ही आपल्याकडची रीत. पण फुकटात मिळवू म्हणून मी मुद्दामच रिकाम्या हातानं गेलो होतो. “याडी, दाव्यासकट दे,” तिच्याच बोलीत तिला आई म्हणत मी लाडीगोडी लावली. “गोऱ्हा तुहा, दावं माह्यं. दावं देल्लं का गोठा बसते, मंग त्यात जनावर टिकत नाही, भाऊ.” मी भडकलो, “मंग याले काय कानाले धरून नेऊ?” सगळा तांडा हसला. “कायले? चाल, तुह्या गावापावतर मीच येतो,” म्हणत ती दावं धरून पुढे निघाली. सरळ रस्ता धरणात बुडालेला, म्हणून पाण्याच्या काठाकाठानं, तापलेल्या मुरमाच्या पायवाटेनं दोन तासांचा वळसा. गोऱ्हा अडला की ती त्याच्या कानाशी गोरबोलीत पुटपुटायची आणि तो निमूट चालायचा. माझ्या दारात मी माझं दावं बांधलं, तिनं आपलं सोडून खांद्यावर टाकलं, गोऱ्ह्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि आल्या वाटेनं परत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत तो हंबरत होता. त्या दाव्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, पण एवढं चालून आलेल्या बाईला मी साधं पाणीही विचारलं नव्हतं, हे आठवलं की तो राग तिच्यावर धरवत नाही.