मनमाडच्या माणसाची होडी

"वहिनी, थेंब पडतोय तुमचा."

आमच्या घरात पाऊल टाकलं की अण्णांचं पहिलं वाक्य हे. कसे आहात, काय चाललंय, हे सगळं नंतर. आधी ते सरळ स्वयंपाकघरात जात, नळ आवळत, तोटीखाली बोट धरून खात्री करून घेत आणि मगच खुर्चीवर टेकत. त्यांच्या लेखी प्रत्येक थेंबाला मालक असे. ज्याच्या घरात पडला, तो त्याचा. ते येऊन गेल्यावर आमचे नळ उघडायला बायको मला हाक मारी, इतके ते आवळलेले असत.

अण्णा मूळचे मनमाडचे. नाशिककरांना याहून जास्त सांगायची गरज नाही, पण लांबच्या वाचकांसाठी सांगतो. मनमाडला नळाला पाणी येणं हा सणवारात मोडणारा प्रकार आहे. अण्णांच्या लहानपणी घरातल्या पिण्याच्या पिंपात तांब्या बुडवायचा अधिकार फक्त आईला होता. चुकून कुणाचं बोट पाण्याला लागलं तर त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. पुढे रेल्वेत नोकरी लागली तीही पुलांच्या कामावर. जन्मभर त्यांनी लोकांना पाण्यावरून पलीकडे नेलं, पण स्वतः गुडघ्याच्या वर कधी भिजले नाहीत. पोहायचा तर प्रश्नच नव्हता.

आणि नशीब बघा, बायको मिळाली पंचवटीची. काकू लहानपणी गोदावरीत पडून असायच्या. पुराच्या पाण्यात पुलावरून उडी मारल्याबद्दल त्यांनी वडिलांचा मार खाल्ला होता, आणि तो प्रसंग त्या पदक मिळाल्यासारखा सांगत. सकाळी त्या दारात बादलीभर पाण्याचा सडा टाकायला निघाल्या की अण्णा पेपर घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसत. त्यांना ते बघवत नसे. निवृत्तीनंतर हे दोघं नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ आमच्या शेजारच्या रो-हाऊसमध्ये राहायला आले. आमची भिंत एक आणि पुढचं पार्किंगही एकच, त्यामुळे त्यांची भांडणं आम्हाला ऐकू येत. सगळी पाण्यावरून होत.

एका सकाळी त्या पार्किंगमध्ये प्लायवूडच्या शीट येऊन पडल्या. मला वाटलं, कपाट असेल. अण्णा म्हणाले, "होडी करतोय."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यानंतर वर्षभर माझी स्कूटर रस्त्यावर उभी राहिली.

मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी सगळं शिकून घेतलं होतं. प्लायवूडचे लांब तुकडे कापायचे, कडेने भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने ते एकमेकांना शिवायचे, मग सांध्यांवर इपॉक्सीचा डिंक भरून फायबरची पट्टी चिकटवायची. व्हिडिओतला माणूस हे काम गाणी ऐकत करत होता. अण्णांनी मात्र पूल बांधायला घेतल्यासारखं केलं. जिथे एक तार सांगितली होती तिथे तीन घातल्या. जिथे एक पट्टी, तिथे दोन. मी म्हटलं, अण्णा, यात दोन माणसं बसणार आहेत, मालगाडी जाणार नाहीये. ते म्हणाले, "पाण्याचा भरवसा नाही हो."

काकू दारात खुर्ची टाकून बसत आणि सूचना करत. आयुष्यभर त्यांनी ब्लाउज शिवले होते. आधी कच्चे टाके घाला, मग पक्की शिलाई, नाहीतर फिटिंग चुकेल, असं त्यांनी बजावलं. अण्णांनी ऐकलं नाही. एक बाजू चार बोटं वर गेली. ते मुकाट्याने सगळ्या तारा कापायला बसले आणि काकूंनी त्या आठवड्यात शेजारपाजारच्या प्रत्येक बाईला ही गोष्ट सांगितली.

कॉलनीत वेगवेगळे तर्क चालले होते. सिंहस्थ जवळ आलाय, म्हातारा साधूंना फेऱ्या मारून पैसा करणार, हे मत सगळ्यांत लोकप्रिय होतं. अण्णा कुणालाच काही सांगत नसत.

मला कळलं ते आतल्या बैठकीमुळे. होडीत बसायची फळी बुटकी असते. अण्णांनी ती जेवणाच्या खुर्चीएवढी उंच केली आणि शेजारी बाथरूममध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी लावतात तसला स्टीलचा दांडा बसवला. मी म्हटलं, इतकं उंच बसलं तर होडी कलंडेल. ते दांड्याचे स्क्रू आवळत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "तिला खाली बसता येत नाही."

काकूंचे गुडघे गेले होते. काठीशिवाय चालता येत नव्हतं आणि घाटाच्या पायऱ्या उतरणं तर कधीच बंद झालं होतं. पुढे काकूंनीच मला सांगितलं की एकदा रिक्षातून पुलावरून जाताना त्या बोलून गेल्या होत्या, नदीशी माझं आता संपलं. घरी आल्यावर अण्णांनी प्लायवूडचा भाव विचारायला फोन केला होता.

होडी तयार झाल्यावर ती गळते का हे बघायचं होतं. कुणीही ती पाण्यात सोडून बघितली असती. अण्णांनी आतून पाण्याने भरली. त्यांचा हिशेब सरळ होता. आतलं पाणी बाहेर जात नसेल तर बाहेरचंही आत येणार नाही. टाकीपासून पाइप लावून त्यांनी होडी काठोकाठ भरली आणि रात्रभर ठेवली. एक थेंब गळला नाही. पण आता पंचाईत अशी झाली की एवढं पाणी ओतून द्यायचं कुठे? ते काही त्यांच्या हातून होईना. त्यांनी होडीवर ताडपत्री घातली आणि पाणी तसंच ठेवलं.

दोन दिवसांनी आमच्या भागातली पाइपलाइन फुटली. नळ कोरडे पडले, टँकर येईना, आणि सगळी कॉलनी बादल्या घेऊन आमच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. अण्णा होडीशेजारी स्टुलावर बसून मापाने पाणी देत होते. वापरायला आहे, प्यायला नाही, हे प्रत्येकाला ऐकवत होते. सांडलं तर पुढच्या बादलीतून कापत होते. मी त्यांना इतकं सुखात कधी बघितलं नव्हतं. काकू खिडकीतून म्हणाल्या, "मला वाटलं होडी होतेय. यांनी टाकीच बांधली."

शेवटी एका रविवारी टेम्पो ठरवला. परवानगीचं अण्णांनी आधीच बघून ठेवलं होतं. होडी चढवायला सहा माणसं लागली. काकू ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर नारळ, चेहरा लग्नाला निघाल्यासारखा. आम्ही गंगापूर धरणावर पोचलो. समोर लांबवर पाणी पसरलेलं होतं. माणसांनी होडीला हात घातला आणि अण्णा म्हणाले, "थांबा."

ते काठावर जाऊन उभे राहिले. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "हे प्यायचं पाणी आहे."

मी म्हटलं, अण्णा, यात मासे आहेत, म्हशी डुंबतात, लोक बोटिंग करतात. ते म्हणाले, लोकांचं लोकांपाशी. अख्खं शहर हे पितं, त्यात मी बूड टेकवू? टेम्पोवाला माझ्याकडे बघायला लागला. सहाही माणसं काकूंकडे बघायला लागली. काकूंनी नारळ पिशवीत ठेवला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "मी काही ते उष्टं करणार नव्हते."

परतीच्या वाटेवर मला अण्णांचा खरोखर राग आला होता. वर्षभर माझी स्कूटर उन्हापावसात उभी होती, ती काय यासाठी?

पण अण्णांनाही झोप लागत नसावी. पुढचे कितीतरी दिवस ते न पिण्याचं पाणी शोधत फिरले. शेवटी रेल्वेतल्या एका सोबत्याचा भाऊ सापडला, दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार. त्याच्या बागेत मोठं शेततळं होतं. अण्णांनी त्याला तीन वेळा विचारलं, हे पाणी कुणी पीत नाही ना. तो म्हणाला, "न्हाय वो आण्णा, बागेलाच हाय. पन खाली पिलॅस्टिकचा कागद हाय. तुमच्या होडीचा येक खिळा घासला तर पानी जमिनीत अन् बाग सरपनात."

मग अण्णांनी होडीला खालून गोधड्या बांधल्या. एक काकूंच्या लग्नातली होती. कागदावरून माणूस घसरतो आणि वर येता येत नाही, म्हणून शेतकऱ्याने कडेला दोर आणि ट्यूब सोडून ठेवल्या. होडीच्या टोकालाही दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक त्याने आणि मी धरलं. काकूंनी अट घातली की ज्याने बांधली त्याने आधी बसायचं. अण्णा दोन लाइफ जॅकेट एकावर एक घालून बसले. हात कडेला असे धरले होते की बोटं पांढरी पडली.

काकूंनी वल्ही मारली. होडी शहाण्यासारखी तळ्याच्या मधोमध गेली. तिथे त्यांनी वल्ही आत घेतली, आपली काठी अण्णांच्या मांडीवर ठेवली, आणि त्या दिवशी साडीऐवजी पंजाबी ड्रेस का घातला होता ते आम्हाला कळायच्या आत दांडा धरून पाण्यात उतरल्या.

होडी जोरात हलली. अण्णांनी डोळे मिटले. शेतकरी ओरडला, "वढा, वढा." पण काकू पोहत होत्या. जमिनीवर चार पावलं टाकताना विव्हळणारी ती बाई पाण्यात सरळ रेघेत चालली होती. एकदा उताणी पडून तरंगली, मग परत वळली. आम्ही दोर ओढायला लागलो तसे अण्णांनी डोळे उघडले.

"ओढू नका," ते म्हणाले. "तिला पोहू द्या. मला काही घाई नाही."

त्यांना बाहेर काढलं तेव्हा दोघांनाही काठी हवी होती. त्यानंतर महिन्यातून दोनदा तरी ते तिकडे जात. अण्णा दर वेळी होडीत बसत आणि दर वेळी तितकेच घाबरत.

अण्णा गेले त्याला आता वर्ष होत आलं. मला त्यांची फार आठवण येते, हे मी वेगळं सांगायला नको. काकूंना आता मी नेतो. मी काठावर दोर धरून उभा असतो, त्या एकट्या वल्हवत मध्यावर जातात, काठी फळीवर आडवी ठेवतात आणि पाण्यात उतरतात. पण एक-दोन फेऱ्या मारल्या की लगेच दोराकडे येतात.

मागच्या खेपेला मी म्हटलं, काकू, अजून थोडं पोहा की, मला वेळ आहे.

"नको रे," त्या म्हणाल्या. "होडीत कुणी जीव मुठीत धरून बसलेलं नसलं की मजा येत नाही."