ज्या दिवशी घरात कोंबडी शिजत नाही

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबा मला बसस्टँडवर पोचवायला आले ते काखेत कोंबडा घेऊन. गडचिरोली जिल्ह्यातलं आमचं लहानसं तालुक्याचं गाव. तिथून नागपूर, मग मुंबई, मग विमान. घरातला पहिला पदवीधर परदेशी निघाला होता, आणि शेजारच्या गावात त्याच दिवशी कोंबड बाजार होता. आमच्याकडे कोंबड्यांच्या झुंजींना तसं म्हणतात. कोंबड्याच्या पायाला काती बांधतात, म्हणजे लहानसं धारदार पातं, आणि दोघांना समोरासमोर सोडतात. कायद्याने बंदी आहे, धाडी पडतात, तरी बाजार भरतो. शाळेत मला त्याची लाज वाटायची. आजही मी त्याची बाजू घेणार नाही. पण ज्या माणसाने मला कधी शेतावर न नेता वर्गात बसवलं, तो माणूस हाच होता.

"पोहचला का फोन करजो," एवढंच ते म्हणाले. बस हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही. दोन्ही हातांत कोंबडा होता.

आता मी शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो. बायको अश्विनी पुण्याची. मुलगी सई इथेच वाढली, मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते. रोज सकाळी कंपनीच्या बसने हमरिया फ्री झोनला जातो, क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये काम करतो. देवाच्या आणि बाबांच्या कृपेने काही कमी नाही. तरी पाय एका जागी ठरत नाहीत. इथे असलो की तिकडची काळजी, तिकडे गेलो की चार दिवसांत इथली घाई. तुमच्यापैकी जे निघून आलेत त्यांना हे सांगायला नको. जे मागे राहिलेत त्यांनी मात्र समजू नये की आम्ही इकडे निवांत आहोत.

आई गेल्यावर बाबा एकटे राहिले. दोनदा अंगणात चक्कर येऊन पडले. दुसऱ्या वेळी सकाळी पडले ते शेजाऱ्यांना दुपारी सापडले. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना व्हिजिट व्हिसावर इकडे आणलं. आता इथेच ठेवायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. ते हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. बाल्कनीपासून दारापर्यंत आणि दारापासून बाल्कनीपर्यंत चालत राहायचे. अंधार असतानाच उठून बसायचे. "इथं सकाळ झाली हे सांगते कोण?" असं एकदा त्यांनी अश्विनीला विचारलं. व्हिसाची मुदत संपत आली तसा माझा जीव वरखाली होऊ लागला.

तेव्हा मला नेस्टर आठवला. आमच्याच डिपार्टमेंटचा, पन्नाशीचा फिलिपिनो. ऑफिसात सगळे त्याला कुया म्हणतात, त्यांच्या भाषेत मोठा भाऊ. आमच्यात राहून तो मोडकीतोडकी हिंदी शिकलाय. त्याच्या बेटावर सगळीकडे ऊस, आणि रविवारी सगळीकडे कोंबड्यांच्या झुंजी. ते त्याला सबोंग म्हणतात. आमच्याकडे जे झाडाआड लपून चालतं ते तिकडे गोल रिंगणात, पायऱ्यांवर गच्च माणसं बसवून, परवाना घेऊन चालतं. पैजा नुसत्या बोटांच्या खुणांनी लागतात, आणि हरलेला माणूस पळून जात नाही. कुयाचा धाकटा भाऊ झुंजीचे कोंबडे पाळतो. कुया लंच ब्रेकमध्ये मला त्यांचे फोटो दाखवायचा, आणि मी कधी त्याला सांगितलं नव्हतं की हे सगळं मी जन्मापासून पाहिलंय.

मी त्याला एका रविवारी जेवायला बोलावलं. बाबांना एक माणूस मिळाला तर राहतील, असा माझा सरळ हिशोब. अश्विनीला म्हटलं, कुयाला तिखट आवडतं, आपल्याकडचा झणझणीत कोंबडीचा रस्सा कर.

कुया आला तो खुशीत. त्याच दिवशी त्याच्या भावाचा सगळ्यांत चांगला कोंबडा गावच्या जत्रेत उतरणार होता. पुतण्या रिंगणातून व्हिडिओ पाठवणार होता. "मैं बोला, रिझल्ट नहीं बताना. पहले व्हिडिओ." त्याने फोनवरचा कोंबड्याचा फोटो बाबांपुढे धरला. "बाबा, ये मेरा भाई का मुर्गा."

बाबांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला. मग रिकाम्या हातांत कोंबडा धरल्यासारखं करून अंगठ्यांनी त्याच्या मांड्या चोळून दाखवल्या. कुया टुणकन उठला आणि त्यानेही तसंच केलं. दोन मोठी माणसं सोफ्यासमोर नसलेले कोंबडे एकमेकांवर सोडत होती. "आबा, यू आर सो फनी," सई म्हणाली. कितीतरी दिवसांनी बाबा मोठ्याने हसले.

मग अश्विनीने पातेलं टेबलावर आणून झाकण काढलं.

बाबांचा हात ताटावरच थांबला. कुया पातेल्याकडे पाहून खुर्ची मागे सरकवू लागला.

"काहून गा?" बाबा माझ्याकडे वळले. "आज याचा कोंबडा उतरते, आन् तू कोंबडी शिजवली?"

"सॉरी मॅडम," कुया म्हणाला, "आज हम लोग ये नहीं खाता. फाइट का दिन."

"सेम सेम?" मी विचारलं.

"सेम सेम!"

झुंजीच्या दिवशी आमच्या चुलीवर कधी कोंबडी चढली नव्हती. आई तर त्या दिवशी अंडंही फोडत नसे. मी ते साफ विसरलो होतो. बाबांनी आणि कुयाने वरण-भात आणि लोणच्यावर भागवलं. "मोर फॉर मी," म्हणत सईने दोन पीस घेतले.

जेवण होतंय तोच व्हिडिओ आला. रिंगणातला गोंगाट आमच्या हॉलमध्ये भरला. तांबडा कोंबडा कुयाच्या भावाचा, पांढरा दुसऱ्याचा. सोडल्याबरोबर दोघे हवेत भिडले, आणि मिनिटभरात दोघेही जमिनीवर होते. पंचाने दोघांना पाठीवर धरून उचललं आणि चोचीला चोच लावली. पांढऱ्याने टोच मारली. तांबड्याने मान टाकली. पुन्हा उचललं. पांढऱ्याने पुन्हा मारली. सई केव्हाच उठून आत गेली होती.

"उचल ना त्याले, उचल," बाबा फोनकडे हात नेत म्हणाले. त्यांचं बोट काचेला लागलं आणि व्हिडिओ थांबला.

"खलास, बाबा," कुया म्हणाला. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी जातो, तिकडेही आणि आमच्याकडेही. त्याने फोन खिशात टाकला, मग पातेल्याकडे पाहून म्हणाला, "अब चिकन लाओ, मॅडम." तो पोटभर जेवला. बाबांनी घेतलं नाही.

"कितीक दिवस होता तो याच्यापाशी?" बाबांनी मला विचारलं. मी कुयाला विचारलं. तो हसला. त्याने त्या कोंबड्याला कधी हात लावला नव्हता. इकडे आल्यापासूनचे सगळे कोंबडे त्याने फोनवरच पाहिले होते. जन्मले ते, जिंकले ते, मेले तेही.

कुया गेल्यावर बाबा बाल्कनीत जाऊन उभे राहिले. चालले नाहीत. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "माणूस लय चांगला हाय. पण हा फोनातच कोंबडे पाळते. मले तसं नाही जमत बाबू. माझं तिकीट काढ."

मी चक्कर येण्याचं बोललो, डॉक्टरचं बोललो, आवाज चढवला. ते तिकिटावरच अडून राहिले. ज्याच्या भरवशावर मी त्यांना ठेवून घेणार होतो, त्यालाच पाहून ते घाबरले होते. इथे राहिले तर आपणही तसेच होऊ, असं त्यांना वाटलं होतं. मी तर कधीच तसा झालो होतो, पण हे ते बोलले नाहीत.

एअरपोर्टला कुयानेच त्याच्या गाडीतून सोडलं. आत जाण्याआधी बाबांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्याला न समजणाऱ्या भाषेत सांगितलं, "आमच्या गावाले येजो. कोंबडा हातात देतो तुह्या." कुया म्हणाला, "इन्शाल्ला, बाबा." अश्विनीजवळ तिच्या माहेरच्यांसाठीही निरोप दिला, एकदा गावाकडे या म्हणून. सईला म्हणाले, "सुट्टीत येजो बेटा."

मला ये म्हणाले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वळून चालू लागले.

घरच्या माणसाला कोणी ये म्हणत नाही, असं मी स्वतःला सांगतो. हमरियाच्या बसमध्ये, शिफ्ट सुटताना, लिफ्टची वाट पाहताना सांगतो. जिथे आपल्याला बोलावणं येत नाही तेच आपलं घर. बहुतेक दिवशी हे पटतं. ज्या दिवशी पटत नाही, त्या दिवशी मी विमानाची तिकिटं बघत बसतो.